रिलेची सेटिंग्ज कशी ठरवावीत आणि कशी सांभाळावीत

गोव्याला स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. इथली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते: कोल्हापूरहून म्हापशाजवळ कोलवाळ येथे पोचणाऱ्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या दुहेरी वाहिनीवरून, तसेच कर्नाटकातील आंबेवाडीहून घाट उतरून येणाऱ्या २२० केव्ही वाहिन्यांवरून. अशा मोजक्या वाटांनी आलेली वीज २२०, ११०, ३३ आणि ११ केव्ही अशा पायऱ्या उतरत वेर्ण्याच्या कारखान्यापर्यंत आणि पेडण्यातील वाड्यावरच्या घरापर्यंत जाते. या प्रत्येक पायरीवर प्रवाह तोडणारा ब्रेकर असतो, आणि फॉल्ट, म्हणजे वाहिनीत बिघाड, झाला की तो केव्हा उघडावा हे रिले नावाचे संरक्षक उपकरण ठरवते. रिलेने हे कोणत्या आकड्यांवरून ठरवायचे, ते त्याच्या सेटिंग्जमध्ये लिहिलेले असते.

हा लेख उपकेंद्रांतील कनिष्ठ अभियंत्यांसाठी आणि ३३ केव्ही वा त्याहून वरच्या दाबाने वीज घेणाऱ्या कारखान्यांच्या विद्युत विभागांसाठी लिहिला आहे. सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. अडते ते दुसरीकडे. चुकीच्या ट्रिपिंगची, म्हणजे ब्रेकर नको तेव्हा उघडण्याची, चौकशी केली की पुष्कळदा असे दिसते की सेटिंग घातले त्या दिवशी ते बरोबरच होते. पुढे ट्रान्सफॉर्मर मोठा झाला, निम्मा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) जमिनीखाली गेला, सीटी (प्रवाह लहान प्रमाणात करून रिलेला दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर) बदलली किंवा शेजारच्या उपकेंद्राला दुसरा स्रोत मिळाला, आणि रिलेतला आकडा मात्र तसाच राहिला. म्हणून आकडा कसा काढावा याबरोबरच तो कोणत्या गृहीतावर काढला, कोणी मंजूर केला आणि पुन्हा केव्हा तपासायचा, याचीही नोंद काटेकोर असली पाहिजे.

आधी कागद जुळवावेत

सेटिंगला हात लावण्यापूर्वी उपकेंद्राचा एकरेषी आराखडा घेऊन यार्डात जावे आणि आराखड्यातील प्रत्येक वस्तू जागेवर आहे का, हे पाहावे. कार्यालयातील कागद आणि यार्डातील वस्तुस्थिती यांत फरक असणारच, असे धरून चाललेले बरे. सीटीचे गुणोत्तर तर तीन ठिकाणी तपासावे लागते: सीटीच्या नामपट्टीवर, जंक्शन बॉक्समध्ये प्रत्यक्ष जोडलेल्या टॅपवर आणि रिलेच्या सेटिंगमध्ये. समजा सीटीला ३०० आणि १५० असे दोन टॅप आहेत, आराखड्यात व रिलेत ३०० लिहिले आहे, पण तार १५० च्या टॅपला लावलेली आहे. अशा वेळी रिलेला प्रत्यक्षाच्या दुप्पट प्रवाह दिसतो, आणि चवथीच्या संध्याकाळी घरोघरी माटोळीखाली दिवे लागले की कुठेही फॉल्ट नसताना फीडर निम्म्या भारावर ट्रिप होतो.

ट्रान्सफॉर्मरचा टक्केवारी इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) नामपट्टीवरून उतरवून घ्यावा. जुन्या हिशोबातून नकलून घेऊ नये, कारण बदललेला ट्रान्सफॉर्मर त्याच क्षमतेचा असला तरी त्याचा इम्पीडन्स तोच असेल असे नाही. वाहिन्या आणि केबल यांची लांबी, कंडक्टरची जात आणि भूमिगत भाग नेमका कुठून कुठपर्यंत आहे, हेही लिहून घ्यावे.

यानंतर फॉल्ट लेव्हल, म्हणजे फॉल्ट झाल्यास त्या जागी किती प्रवाह वाहील ती पातळी. ती एक संख्या नसते, दोन असतात. सगळे स्रोत आणि सगळे ट्रान्सफॉर्मर चालू असतानाची कमाल पातळी वेळेचे अंतर राखण्यासाठी आणि ब्रेकरची क्षमता पुरते का हे पाहण्यासाठी लागते. एक स्रोत बंद, एक ट्रान्सफॉर्मर देखभालीसाठी बाहेर, अशा वेळची किमान पातळी रिलेला फॉल्ट दिसेल का, हे ठरवण्यासाठी लागते. अनेक जुन्या हिशोबपत्रांत फक्त कमाल पातळी आढळते, आणि तो हिशोब अर्धाच समजावा. गोव्यासारख्या मोजक्या स्रोतांच्या जाळ्यात या दोन संख्यांमधील अंतर मोठे असू शकते. गोवा-तमनार प्रकल्पातील सांगोडचे ४००/२२० केव्ही उपकेंद्र जाळ्याला जोडले की दक्षिण गोव्यातील फॉल्ट लेव्हल वाढणार हे उघड आहे; तेव्हा शेल्डे, कुंकळ्ळी आणि वेर्णा या बाजूची सेटिंग्ज नव्याने काढावी लागतील. ते काम उपकेंद्र चालू होण्याच्या आधी व्हायला हवे.

एक हिशोब शेवटपर्यंत

उदाहरण म्हणून १० एमव्हीएचा, १० टक्के इम्पीडन्सचा, ३३/११ केव्ही डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर घेऊ. पूर्ण भाराचा प्रवाह ११ केव्ही बाजूला ५२५ अँपिअर आणि ३३ केव्ही बाजूला १७५ अँपिअर येतो. स्रोताचा इम्पीडन्स धरून ११ केव्ही बसवर (सगळे फीडर जिथे जोडलेले असतात त्या सामाईक पट्टीवर) तीन फेजांच्या फॉल्टचा प्रवाह ४५०० अँपिअर आहे असे मानू. सर्व रिले आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या) प्रमाणित इन्व्हर्स वक्रावर आहेत, म्हणजे प्रवाह जितका मोठा तितकी त्यांची वेळ कमी. या वक्राचा हिशोब असा: फॉल्टचा प्रवाह पिकअपच्या (ज्या प्रवाहापासून रिले हालचाल सुरू करतो त्याच्या) जितकी पट असेल त्या संख्येचा ०.०२ वा घात घ्यावा, त्यातून १ वजा करावा, ०.१४ ला त्या बाकीने भागावे आणि उत्तराला टीएमएसने (रिलेची वेळ कमी-जास्त करणाऱ्या गुणकाने) गुणावे. येणारी वेळ सेकंदांत असते.

हिशोब नेहमी सर्वांत खालच्या रिलेपासून सुरू करावा. ११ केव्ही फीडरचा पिकअप ३०० अँपिअर आणि टीएमएस ०.१ ठेवला, तर ४५०० अँपिअर म्हणजे १५ पट, आणि वेळ येते ०.२५ सेकंद. त्याच्या वरचा इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून बसला वीज आणणारा ब्रेकर) यापेक्षा किमान ०.३ सेकंद थांबला पाहिजे. हे ०.३ सेकंद हवेतून आलेले नाहीत: खालचा ब्रेकर प्रत्यक्ष उघडायला लागणारा वेळ, दोन्ही रिलेंच्या व सीटींच्या चुकीची मर्यादा आणि थोडी सुरक्षित जागा यांची ती बेरीज आहे. साखळीत कुठे जुना चकतीचा रिले शिल्लक असेल, तर त्याची चकती प्रवाह थांबल्यावरही क्षणभर फिरत राहते, म्हणून तिथे ०.४ सेकंद धरावेत. इनकमरचा पिकअप पूर्ण भाराच्या १.२ पट, म्हणजे ६३० अँपिअर घेतला तर ४५०० अँपिअर ही ७.१४ पट होते, टीएमएस ०.१६ ठेवल्यावर वेळ ०.५६ सेकंद येते. इथपर्यंत हिशोब सरळ आहे.

खरी गोम ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे. ३३ केव्ही बाजूचा पिकअप २६० अँपिअर घेऊ. खालचे ४५०० अँपिअर वरच्या बाजूला १५०० अँपिअर दिसतात, म्हणजे ५.७७ पट. टीएमएस ०.२२ ठेवला तर वेळ ०.८६ सेकंद येते आणि इनकमरपासूनचे अंतर ०.३ सेकंद भरते. बहुतेक हिशोबपत्रे इथेच थांबतात. आता ११ केव्ही बाजूला तीनऐवजी दोनच फेजांत फॉल्ट झाला असे धरू. तेव्हा खालचा प्रवाह ८७ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३९०० अँपिअरवर येतो आणि इनकमर मंदावून ०.६० सेकंद घेतो. परंतु डेल्टा-स्टार जोडणीमुळे ३३ केव्ही बाजूच्या एका फेजमधून पूर्वीइतकाच, पुरेपूर १५०० अँपिअर प्रवाह वाहतो, आणि तिथला रिले ०.८६ सेकंदांतच चालतो. अंतर ०.२६ सेकंद उरले. टीएमएस ०.२३ केला की वेळ ०.९० सेकंद होते आणि अंतर पुन्हा ०.३ सेकंद भरते. शतांशाचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण ब्रेकर थोडा आळसावलेला असेल त्या दिवशी एका फीडरऐवजी संपूर्ण उपकेंद्र काळोखात जाण्यास तेवढाच पुरतो.

रिलेमधील तत्काळ, म्हणजे विलंबाशिवाय, चालणाऱ्या घटकाबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इनकमरवर तो बंदच ठेवावा, कारण इनकमर आणि फीडर यांच्या मध्ये इम्पीडन्स नसतो. फीडरच्या तोंडाशी झालेला फॉल्ट दोघांनाही सारखाच दिसतो आणि दोघेही एकाच क्षणी ट्रिप होतात. ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्ही बाजूला मात्र तो अवश्य ठेवावा. खालच्या फॉल्टच्या १५०० अँपिअरच्या १.३ पट म्हणजे १९५० होतात, ट्रान्सफॉर्मर चालू करतानाचा प्रवाह दहा पट धरला तर १७५० होतात. म्हणून २००० अँपिअर योग्य ठरतात. किमान फॉल्ट लेव्हललाही ३३ केव्ही बसवरचा प्रवाह २००० च्या बराच वर आहे का, हे पाहिल्याशिवाय तो आकडा कायम करू नये. तसेच ३३ केव्ही बाजू डेल्टा असल्यामुळे ११ केव्हीवरचा अर्थ फॉल्ट (तारेचा जमिनीशी संपर्क) वरच्या अर्थ फॉल्ट रिलेला दिसतच नाही. त्यामुळे तो रिले खालच्या कोणासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नसते; त्याला संवेदनशील आणि जलद ठेवता येते. ही सवलत अनेक ठिकाणी वाया गेलेली दिसते.

कारखान्यांनी एक पथ्य पाळावे. आपल्या ३३ केव्ही ब्रेकरच्या रिलेची वेळ वीज खात्याच्या फीडरच्या वेळेच्या आत बसली पाहिजे, आणि त्यासाठी खात्याच्या फीडरचे सेटिंग लेखी मागून घ्यावे. मोठी मोटर सुरू करताना ट्रिप होते म्हणून कोणी आपला रिले परस्पर सैल केला, तर पुढच्या फॉल्टला त्याच्याआधी खात्याचा फीडर सुटतो आणि त्या फीडरवरच्या सगळ्या शेजाऱ्यांचे उत्पादन थांबते.

जांभ्यावर पडलेली तार

अर्थ फॉल्टचे सेटिंग मैदानी प्रदेशातील सवयीने गोव्यात घालू नये. इथली जमीन पुष्कळ ठिकाणी जांभ्याची आहे आणि कोरड्या जांभ्याचा विद्युतरोध मोठा असतो. ११ केव्ही फीडरची तार तुटून सड्यावर पडली असे समजू. फेज ते जमीन दाब ६३५० व्होल्ट असतो. तार आणि जमीन यांच्यातील रोध ३०० ओहम असेल तर प्रवाह जेमतेम २१ अँपिअर, आणि १००० ओहम असेल तर सहा अँपिअरांच्या आसपास. ३०० अँपिअरच्या सीटीवर अर्थ फॉल्टचा पिकअप २० टक्के, म्हणजे ६० अँपिअर ठेवलेला असेल, तर १०६ ओहमच्या वरचा कोणताही रोध त्या रिलेला दिसणार नाही. तार जिवंत राहते, रिलेमध्ये काहीही बिघाड नसतो, आणि सकाळी गुरे सोडायला आलेल्या माणसाचा पाय तिच्यावर पडू शकतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे संवेदनशील अर्थ फॉल्ट घटक चालू करणे. आपल्याकडे ११ केव्ही फीडर तीन तारांचे असतात आणि वितरण ट्रान्सफॉर्मरांची ११ केव्ही बाजू डेल्टा असते, त्यामुळे निरोगी फीडरवर तीन फेजांच्या प्रवाहांची बेरीज जवळपास शून्य राहते. तीनही फेजांना एकत्र वेढणारी कोअर बॅलन्स सीटी बसवली तर पाच-दहा अँपिअरपर्यंत खाली जाता येते. तीन स्वतंत्र सीटींच्या बेरजेवर एवढ्या खाली गेल्यास सीटींच्या आपसातील फरकामुळे खोटे ट्रिपिंग होऊ लागते. वेळ निश्चित ठेवावी, आणि ती एक सेकंदाहून अधिक असावी, म्हणजे माडाचे चुडत तारेला घासून खाली पडले तर फीडर सुटणार नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोव्यात ११ आणि ३३ केव्ही वाहिन्या भूमिगत करण्याचे काम बरेच झाले आहे. केबलला स्वतःचा धारिता प्रवाह असतो, आणि शेजारच्या फीडरवर अर्थ फॉल्ट झाला की निरोगी केबल फीडरमधूनही तो प्रवाह अर्थ फॉल्ट रिलेला दिसतो. केबलच्या लांबीवरून हा प्रवाह काढून पिकअप त्याच्या पुरेसा वर ठेवावा; लांबी वाढली की हा हिशोब पुन्हा करावा. फीडर मुख्यतः केबलचा झाला असेल तर ऑटो रिक्लोज (ट्रिपनंतर ब्रेकर आपोआप पुन्हा लावण्याची सोय) बंद करावे, कारण केबलमधील फॉल्ट स्वतःहून नाहीसा होत नाही आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात केबल अधिक जळते. उघड्या तारांच्या फीडरवर संवेदनशील घटकाने ट्रिप दिली तर तिथेही रिक्लोज अडवावे. अशा ट्रिपनंतर लाइनमनने फीडर पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करण्याची चाचणी घेऊ नये. पाऊस कितीही असो आणि फोन कितीही वाजोत.

इतके करूनही काही पडलेल्या तारा कोणत्याही रिलेला दिसत नाहीत, हे मान्य करावे लागते. तिथे आच्छादित तारा, मे महिन्यात वेळेवर केलेली फांद्यांची छाटणी आणि लोकांनी दिलेली खबर हेच संरक्षण उरते.

डिस्टन्स रिले आणि तिसरा झोन

११० व २२० केव्ही वाहिन्यांवर डिस्टन्स रिले असतो. दाब आणि प्रवाह यांच्या भागाकारावरून तो फॉल्ट किती दूर आहे हे ठरवतो. त्याच्या पोचेचे तीन टप्पे, म्हणजे झोन, असतात. पहिला झोन वाहिनीच्या ८० टक्के लांबीपर्यंत, विलंबाशिवाय. दुसरा झोन एकेरी वाहिनीवर किमान १२० टक्के आणि दुहेरी वाहिनीवर १५० टक्क्यांपर्यंत, ०.३५ सेकंद विलंबाने. तिसरा झोन स्वतःची वाहिनी आणि पुढची सर्वांत लांब वाहिनी यांच्या बेरजेच्या १२० टक्के, ०.८ ते १ सेकंद विलंबाने. २०१२ मध्ये ग्रिड कोसळल्यानंतर नेमलेल्या कार्यदलाच्या अहवालापासून आपल्याकडे हे आकडे आदर्श म्हणून वापरले जातात, आणि सुरुवातीला ते ठीक आहेत.

गोव्यात त्यांची अडचण दुसऱ्या झोनमध्ये येते. बाहेरून येणारी वाहिनी लांब, आणि राज्यात शिरल्यावर पुढची वाहिनी आखूड. समजा येणारी वाहिनी ७० किलोमीटरची आणि पुढची ९ किलोमीटरची आहे. ७० चे २० टक्के म्हणजे १४ किलोमीटर, म्हणजे दुसरा झोन पुढची पूर्ण वाहिनी ओलांडून तिसऱ्या उपकेंद्राच्या पलीकडे पोचला. पुढच्या वाहिनीचा स्वतःचा दुसरा झोनही ०.३५ सेकंदांवरच असेल तर दोघांत शर्यत लागते. अशा ठिकाणी लांब वाहिनीच्या दुसऱ्या झोनची वेळ ०.५ ते ०.६ सेकंद करावी, आणि आखूड वाहिनीवर ऑप्टिकल फायबरवरून चालणारे डिफरन्शियल (दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारे) संरक्षण घ्यावे. पोच कमी करून १२० टक्क्यांच्या खाली आणण्याचा मोह टाळावा. तसे केले तर स्वतःच्याच वाहिनीचा शेवटचा भाग उघडा पडतो. शिवाय दुसरा झोन पुढच्या उपकेंद्रातील ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूपर्यंत पोचत नाही ना, हेही पाहावे.

तिसऱ्या झोनची गोष्ट वेगळी, आणि ग्रिडच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर विभागाचे ग्रिड कोसळले. सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीच्या ट्रिपिंगने. वाहिनीवर फॉल्ट नव्हता. भार फार वाढला होता आणि दाब खाली आला होता. भागाकार इतका लहान झाला की तिसऱ्या झोनला तो दूरवरच्या फॉल्टसारखा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तसेच घडले आणि त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग गेले. पश्चिम विभाग, आणि त्याच्यासोबत गोवा, दोन्ही वेळा तगला. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ रोजीही सॅमिस-स्टार ही ३४५ केव्ही वाहिनी अशीच फॉल्टशिवाय तिसऱ्या झोनवर सुटली होती, आणि त्यानंतर तिथे रिलेने किती भार सहन केलाच पाहिजे याचा सक्तीचा नियम झाला: दाब ८५ टक्क्यांवर आला असताना आणि दाब व प्रवाह यांच्यातील कोन ३० अंश असताना वाहिनीच्या क्षमतेच्या १५० टक्के प्रवाहावर रिले चालता कामा नये.

आपल्याकडेही ८५ टक्के दाब आणि दीडपट प्रवाह हेच प्रमाण धरतात. हिशोब छोटा आहे. २२० केव्ही वाहिनीची क्षमता ६०० अँपिअर असेल तर दीडपट म्हणजे ९०० अँपिअर. २२० केव्हीचे ८५ टक्के म्हणजे १८७ केव्ही, त्याला १.७३२ आणि ९०० यांच्या गुणाकाराने भागले की १२० ओहम येतात. सीटी ८००/१ आणि पीटीचे (दाब लहान करून रिलेला दाखवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर २००० असेल तर रिलेच्या बाजूला ते ४८ ओहम होतात. तिसऱ्या झोनची भाराच्या दिशेची सीमा या बिंदूच्या पुरेशी आत ठेवावी, किंवा रिलेमधील भार वगळणारा घटक या आकड्यावर चालू करावा. पॉवर स्विंगच्या (ग्रिडमधील वीज हेलकावे खाते त्या) वेळी मागचे झोन अडवण्याची सोयही सोबतच तपासावी. जुन्या रिलेमध्ये वर्तुळाकार झोन असेल आणि भार वगळण्याची सोय नसेल, तर पोच कमी करून दूरच्या फॉल्टसाठी दुसरी व्यवस्था करणे हा वाईट पर्यायांतला त्यातल्या त्यात बरा पर्याय आहे. वाहिनीचा कंडक्टर बदलून क्षमता वाढवली की हा हिशोब लगेच पुन्हा करावा. वाढीव भार घेण्याच्या आनंदात हे हमखास राहून जाते.

मंजुरी कोणाची

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या भारतीय वीज ग्रिड संहितेत संरक्षणासाठी स्वतंत्र भाग आहे. २२० केव्ही आणि त्यावरील प्रत्येक घटकाची सेटिंग्ज प्रादेशिक वीज समितीकडे द्यावी लागतात, त्यांत बदल करण्यापूर्वी तिची मंजुरी घ्यावी लागते आणि बदल केल्यावर पंधरवड्याच्या आत कळवावे लागते. समिती वर्षातून किमान एकदा सेटिंग्जचा आढावा घेते आणि त्यांचा एकत्रित साठा ठेवते. दरवर्षी स्वतःचे अंतर्गत परीक्षण आणि २२० केव्ही व त्यावरील प्रत्येक उपकेंद्राचे पाच वर्षांतून एकदा बाहेरच्या संस्थेकडून परीक्षण, हेही बंधनकारक आहे.

गोव्यासाठी ही समिती म्हणजे मुंबईची पश्चिम विभागीय वीज समिती. मात्र आंबेवाडी दक्षिण विभागात येते आणि तिथली सेटिंग्ज बंगळूरच्या समितीच्या कक्षेत पडतात. एकाच वाहिनीची दोन टोके दोन विभागांत असल्यामुळे, एका टोकाचा बदल दुसऱ्या टोकाला कळला असेल असे गृहीत धरू नये. दुसऱ्या टोकाच्या अभियंत्यांची लेखी पोच हिशोबपत्राला जोडावी.

२२० केव्हीच्या खाली अशी बाहेरची नजर नसते. म्हणून ११०, ३३ आणि ११ केव्हीसाठी स्वतःच शिस्त लावून घ्यावी लागते. प्रत्येक बदलाला एक पत्र, त्यावर बदलाचे कारण, जुना आकडा, नवा आकडा, पूर्ण हिशोब, वापरलेल्या फॉल्ट लेव्हलची तारीख आणि दोन सह्या: एक हिशोब करणाऱ्याची, दुसरी तो तपासणाऱ्याची. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या असतील तर ती तपासणी नव्हे. काम चालू असताना तात्पुरते म्हणून बदललेल्या सेटिंगच्या पत्रावर ते कोणत्या तारखेला मागे घ्यायचे, हे लिहावेच. तात्पुरत्या सेटिंगइतके चिवट दुसरे काही उपकेंद्रात नसते.

रिलेसमोर उभे राहिल्यावर

मंजूर पत्र हाती असल्याशिवाय रिलेचा पासवर्ड टाकू नये. आधी रिलेमधील सध्याची संपूर्ण सेटिंग फाइल उतरवून जपून ठेवावी आणि ती कार्यालयातील नोंदीशी ताडून पाहावी. इथेच फरक आढळला तर काम थांबवून तो आधी सोडवावा. नवी सेटिंग्ज घातल्यावर फाइल पुन्हा उतरवून मंजूर फाइलशी ओळीनिशी जुळवावी. संख्यात्मक रिलेमध्ये सेटिंगचे अनेक गट असतात, आणि बदल एका गटात करून रिले दुसऱ्याच गटावर चालत राहिल्याचे प्रकार घडतात. म्हणून चालू गट कोणता आहे हे पडद्यावर पाहून नोंदवावे.

मग दुय्यम प्रवाह देणाऱ्या चाचणी संचाने पिकअप, दोन-तीन पटींवरील वेळ आणि डिस्टन्स रिलेच्या प्रत्येक झोनची पोच तपासावी. वर काढलेल्या उदाहरणात इनकमरला पिकअपच्या ७.१४ पट प्रवाह दिल्यावर ०.५६ सेकंदांच्या आसपास वेळ आलीच पाहिजे. शेवटी एकदा तरी रिलेच्या आदेशाने ब्रेकर प्रत्यक्ष उघडून दाखवावा. ट्रिप कॉइल जळलेली किंवा डीसी पुरवठ्याचा फ्यूज सैल असेल तर आतापर्यंतचा सगळा हिशोब व्यर्थ. चाचणीपूर्वी ब्रेकर फेल संरक्षणाचे (एक ब्रेकर उघडला नाही तर बसवरचे बाकीचे उघडणाऱ्या व्यवस्थेचे) आदेश वेगळे काढून ठेवावेत, नाहीतर एका वाहिनीच्या चाचणीत सगळी बस ट्रिप होते. आणि काम संपल्यावर ते परत जोडल्याची सही दुसऱ्या माणसाने करावी.

ट्रिप झाल्यानंतर

ग्रिडवरील घटनेनंतर डिस्टर्बन्स रेकॉर्डर आणि इव्हेंट लॉगर यांच्या नोंदी २४ तासांच्या आत पाठवायच्या असतात. पाठवण्याआधी त्या स्वतः वाचाव्यात. फॉल्ट सुरू झाल्यापासून प्रवाह प्रत्यक्ष थांबेपर्यंतचा वेळ मोजावा. ग्रिड मानकांनुसार २२० केव्हीवर तो १६० मिलीसेकंदांच्या आणि ४०० केव्हीवर १०० मिलीसेकंदांच्या आत हवा. रिले वेळेत चालला आणि प्रवाह उशिरा थांबला तर दोष ब्रेकरचा आहे आणि सेटिंग बदलून तो झाकू नये. सर्व रिलेंची घड्याळे जीपीएसशी जुळलेली नसतील तर दोन उपकेंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही.

संहितेप्रमाणे दर महिन्याला विश्वासार्हतेचे निर्देशांक द्यावे लागतात. समजा ठरावीक काळात १८ वेळा संरक्षण बरोबर चालले, चालायला हवे तेव्हा एकदाही चुकले नाही, पण दोन वेळा विनाकारण चालले. अवलंबनीयता १८ भागिले १८ म्हणजे १ येते, आणि सुरक्षितता १८ भागिले २० म्हणजे ०.९. पहिला निर्देशांक सुधारण्यासाठी सेटिंग संवेदनशील केले की दुसरा घसरतो, आणि उलटही. किनारपट्टीवर मीठ साचलेल्या इन्सुलेटरमुळे जास्त ट्रिप होतात म्हणून रिले सैल करणे हा या आकड्यांचा गैरवापर आहे. तिथे इन्सुलेटर धुवावेत.

चौकशीत सहसा ट्रिप झालेल्या रिलेचीच नोंद काढली जाते. त्याच्या वरचा, पिकअप होऊन न सुटलेला रिलेही उघडून पाहावा. तो किती वेळ पिकअप राहिला आणि सुटायला किती वेळ उरला होता, हे त्यात लिहिलेले असते. हिशोबात धरलेले ०.३ सेकंदांचे अंतर प्रत्यक्षात किती भरले, हे तिथेच मोजून मिळते. तो आकडा तारखेसह त्या रिलेच्या हिशोबपत्रावर लिहावा, आणि तो ०.२ सेकंदांच्या खाली गेलेला दिसला तर पुढच्या वार्षिक आढाव्याची वाट न पाहता त्या साखळीचा हिशोब पुन्हा करायला घ्यावा.